भरदार सुराचा धनी : जीन अ‍ॅमन्स

काही कलावंतांचे चरित्र लिहायला बसले, की हाती दोन चरित्रे येतात. एक त्या माणसाचे आणि दुसरे त्याच्या कलेचे. बहुतेकांच्या बाबतीत ही दोन्ही चरित्रे हातात हात घालून चालतात. शिकागोचा टेनर सॅक्सोफोनवादक जीन अ‍ॅमन्स ह्याच्या आयुष्यात मात्र एक काळ असा आला, की माणूस तुरुंगाच्या भिंतीआड होता आणि त्याचा सूर शहराशहरांतून घुमत होता. तो दर वर्षी नव्या तबकडीतून लोकांना भेटत होता, आणि ती तबकडी बाजारात आली तेव्हा तो स्वतः कैदी होता. असे एक-दोन नव्हे, तब्बल सात वर्षे चालले. ह्या माणसाची कहाणी सांगण्याजोगी आहे, ती केवळ तिच्यातील दुःखासाठी नव्हे. एखाद्याचा सूर लोकांच्या रोजच्या जगण्यात इतका खोलवर कसा रुजतो, हेही तिच्यातून उमगते.

सॅक्सोफोन हे वाद्य आपल्याला लग्नाच्या बँडमधून आणि हिंदी चित्रपटगीतांतून परिचयाचे आहे. राहुलदेव बर्मन ह्यांच्या गाण्यांतील मनोहारी सिंगांचा सॅक्सोफोन कोण विसरेल? अडॉल्फ सॅक्स ह्या बेल्जियन कारागिराने १८४६ मध्ये ह्या वाद्याचे पेटंट घेतले. अंग पितळेचे, पण फुंकण्याच्या तोंडाशी वेताची पट्टी, अशी त्याची रचना. त्याच्या लहानमोठ्या प्रकारांपैकी टेनर सॅक्सोफोन हा पुरुषाच्या आवाजाच्या जवळ जाणारा. तो कुजबुजू शकतो, हुंकार देऊ शकतो आणि प्रसंगी आरोळीही ठोकू शकतो. अमेरिकेतील निग्रो समाजाने ह्या वाद्याला खऱ्या अर्थाने वाचा दिली, आणि ज्या थोड्या वादकांनी त्याला मनमोकळे बोलते केले त्यांत अ‍ॅमन्सचे स्थान फार वरचे आहे.

युजीन अ‍ॅमन्सचा जन्म १४ एप्रिल १९२५ रोजी शिकागो येथे झाला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिणेकडील कापसाची शेते सोडून लक्षावधी कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेकडील कारखान्यांच्या शहरांत आली. त्यांतील हजारो शिकागोच्या दक्षिण भागात स्थायिक झाली. येताना त्यांनी आपल्याबरोबर दोन गोष्टी आणल्या : चर्चमधील सामुदायिक भजने आणि मजुरांच्या दुःखाचे गाणे असलेला ब्लूज. जीनचे वडील अल्बर्ट अ‍ॅमन्स हे ह्याच मातीतले. डाव्या हाताने पियानोवर अखंड ठेका धरायचा आणि उजव्या हाताने त्यावर स्वरांची आतषबाजी करायची, ह्या बूगी-वूगी शैलीचे ते बादशहा मानले जात. तरुणपणी पोटासाठी त्यांनी टॅक्सी चालवली. मीड लक्स लुईस हा त्यांचा मित्रही त्याच धंद्यात होता आणि तोही पुढे मोठा पियानोवादक झाला. डिसेंबर १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये झालेल्या ऐतिहासिक मैफलीत हे दोघेही होते. जानेवारी १९३९ मध्ये ब्लू नोट ह्या पुढे जगप्रसिद्ध झालेल्या कंपनीने आपले पहिले ध्वनिमुद्रण केले, ते ह्याच दोघांचे. असा बाप ज्याच्या घरात, त्याला ठेका शिकवावा लागत नाही.

पण ठेका घरात मिळाला तरी शिस्त शाळेत मिळाली. ड्यूसेबल हायस्कूल ह्या शिकागोतील शाळेत कॅप्टन वॉल्टर डायेट नावाचे संगीतशिक्षक होते. गुरुकुल हा शब्द वापरायचा मोह व्हावा, असेच त्यांचे काम होते. नॅट किंग कोल, डायना वॉशिंग्टन, जॉनी ग्रिफिन, व्हॉन फ्रीमन अशी कितीतरी नावे ह्या एका शिक्षकाच्या हाताखालून गेली. एका सरकारी शाळेतील एक कडक मास्तर एका शहराचे संगीत घडवू शकतो, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. अ‍ॅमन्स ह्याच शाळेचा विद्यार्थी. १८ व्या वर्षी तो किंग कोलॅक्स ह्या ट्रंपेटवादकाच्या बँडबरोबर गावोगाव हिंडू लागला.

१९४४ मध्ये गायक बिली एकस्टाइनने स्वतःचा वाद्यवृंद उभारला आणि अ‍ॅमन्सला त्यात जागा मिळाली. ह्या वाद्यवृंदाचे वर्णन करायचे तर ती नव्या संगीताची पाठशाळाच होती. डिझी गिलेस्पी, चार्ली पार्कर, डेक्स्टर गॉर्डन, आर्ट ब्लेकी आणि गायिका सारा व्हॉन ही सारी मंडळी त्या काळात त्यात होती. जॅझमध्ये बेबॉप नावाची नवी शैली तेव्हा जन्म घेत होती. आपल्या भाषेत सांगायचे तर हा द्रुत लयीतील अवघड तानांचा जमाना होता. त्या वर्षी ध्वनिमुद्रित झालेल्या ‘ब्लोइन द ब्लूज अवे’ ह्या रचनेत अ‍ॅमन्स आणि डेक्स्टर गॉर्डन ह्यांची जुगलबंदी आहे. दोन टेनर सॅक्सोफोन एकमेकांना आव्हान देत आहेत, ही कल्पना लोकांना इतकी भावली, की पुढे तो एक प्रघातच पडला. अ‍ॅमन्सला ‘जग’ हे टोपणनावही ह्याच दिवसांत मिळाले. बँडसाठी गवती टोप्या मागवल्या होत्या. त्यांतील एकही अ‍ॅमन्सच्या डोक्यात जाईना, म्हणून एकस्टाइनने त्याच्या डोक्याला पाण्याच्या जगाची उपमा दिली. ते नाव त्याला जन्मभर चिकटले आणि त्याच्या कित्येक तबकड्यांच्या शीर्षकांत जाऊन बसले.

अ‍ॅमन्सच्या वादनाचे वैशिष्ट्य येथेच सांगितले पाहिजे. टेनर सॅक्सोफोनच्या जगात तेव्हा दोन घराणी होती, असे म्हटले तरी चालेल. एक कोलमन हॉकिन्सचे : सूर भारदस्त, जाड आणि कंपनयुक्त. दुसरे लेस्टर यंगचे : सूर हलका, वाक्ये मोजकी आणि मध्ये भरपूर विश्रांती. अ‍ॅमन्सने पहिल्याकडून सुराचा भरदारपणा घेतला आणि दुसऱ्याकडून मितभाषीपणा. आपल्याकडे जाणकार ज्याला स्वराचा लगाव म्हणतात, तो त्याच्या वादनाचा प्राण होता. बेबॉपच्या ताना त्याला येत होत्या, पण दहा स्वरांचे काम तो एका स्वरात करू शकत असे. एकच सूर धरून, त्याला किंचित वाकवून, थोडा उशिरा सोडून देण्यात त्याची सारी किमया होती. म्हणूनच संगीताचे शास्त्र न जाणणारा गिरणीकामगारही त्याच्या पहिल्या चार स्वरांवर त्याला ओळखत असे.

१९४७ मध्ये मर्क्युरी कंपनीने त्याची ‘रेड टॉप’ ही तबकडी काढली आणि २२ वर्षांचा अ‍ॅमन्स घरोघरी पोचला. त्याच सुमारास त्याने आपल्या वडिलांबरोबरही ध्वनिमुद्रण केले. १९४९ मध्ये वुडी हर्मनच्या नामांकित वाद्यवृंदात स्टॅन गेट्झने सोडलेली जागा त्याला मिळाली. त्या वर्षीच्या डिसेंबरात वडील वारले. त्यांचे वय अवघे ४२ होते. पुढच्याच वर्षी अ‍ॅमन्सने सॉनी स्टिट ह्या सॅक्सोफोनवादकाबरोबर भागीदारीत बँड काढला. स्टिट चपळ, तानबाज आणि अ‍ॅमन्स धीमा, सुरेल. ‘ब्लूज अप अँड डाऊन’ ह्या १९५० च्या तबकडीत ही जोडी ऐकावी. स्टिट शब्दांचा पाऊस पाडतो, आणि मग अ‍ॅमन्स एकच वाक्य असे बोलतो की वाद मिटावा.

१९५० सालाची आणखी एक आठवण संगीताच्या इतिहासात नोंदली गेली आहे. शिकागोतील लेनर्ड आणि फिल चेस ह्या बंधूंनी आपल्या ध्वनिमुद्रण कंपनीला त्या वर्षी स्वतःचे आडनाव दिले. पुढे मडी वॉटर्स, हाऊलिन वुल्फ आणि चक बेरी ह्यांच्यामुळे चेस हे नाव साऱ्या जगात दुमदुमले. पण ह्या नावाने निघालेली पहिली तबकडी जीन अ‍ॅमन्सची होती. ‘माय फूलिश हार्ट’ ह्या चित्रपटगीताचे ते संथ वादन. ठेक्याच्या जोरावर नाचवणारा हा माणूस तितक्याच सहजतेने डोळ्यांत पाणी आणू शकतो, हे लोकांना त्या तबकडीने दाखवले.

ह्याच वर्षापासून प्रेस्टीज ह्या न्यूयॉर्कच्या कंपनीशी त्याचा संबंध जुळला, आणि तो जवळजवळ अखेरपर्यंत टिकला. बॉब वाइनस्टॉक ह्या जॅझवेड्या तरुणाने १९४९ मध्ये ही कंपनी सुरू केली होती. वादकांना एकत्र बोलवायचे, तालमींवर पैसा खर्च करायचा नाही आणि एका दिवसात एक संपूर्ण एल. पी. पुरी करायची, अशी तिची रीत. ही काटकसर अ‍ॅमन्ससारख्याला मानवली, कारण त्याचे वादन मुळातच मैफलीचे होते. १९५६ ची ‘द हॅपी ब्लूज’ आणि १९५७ ची ‘फंकी’ ह्या त्या काळातील चांगल्या तबकड्या. ३ जानेवारी १९५८ रोजी एकाच दिवसात त्याने दोन एल. पी. पुरतील इतके वादन ध्वनिमुद्रित केले. त्यांतील एकीचे नाव ‘द बिग साउंड’, म्हणजे भरदार सूर. त्या दिवशी जॉन कोल्ट्रेन त्याच्या साथीला होता. आपले नेहमीचे टेनर बाजूला ठेवून त्याने आल्टो सॅक्सोफोन हाती घेतला होता.

हेच ते दिवस, जेव्हा जॅझमध्ये ‘सोल’ हा शब्द रूढ होऊ लागला. बेबॉप बुद्धिवंतांचे झाले होते आणि सामान्य श्रोता त्याच्यापासून दुरावत होता. तेव्हा काही कलावंत चर्चच्या भजनांकडे आणि ब्लूजच्या साध्या चालींकडे परत वळले. हॅमंड ऑर्गन, ढोल आणि टेनर सॅक्सोफोन एवढ्या सामग्रीवर कृष्णवर्णीय वस्त्यांतील लहान लहान मद्यगृहे रात्रभर गाजू लागली. दिवसभर राबलेला माणूस तेथे येई, नाणे टाकून ज्यूकबॉक्सवर आवडती तबकडी लावी आणि घटकाभर आपले कष्ट विसरे. ह्या संगीताला सोल-जॅझ म्हणतात. अ‍ॅमन्सने ते मुद्दाम स्वीकारले नाही. तो पूर्वीपासून तेच वाजवत होता, नाव तेवढे मागाहून मिळाले. काही समीक्षकांनी ह्या प्रकाराला बाळबोध ठरवले. पण लोकांना समजणे हा कलेचा दोष कसा मानायचा, हा प्रश्न आपल्याकडील भावगीत आणि नाट्यगीतांच्या संदर्भातही पुष्कळदा उपस्थित झालेला आहे.

आता ह्या चरित्राच्या काळ्या बाजूकडे वळले पाहिजे. महायुद्धानंतरच्या काळात जॅझच्या जगात हेरॉइन ह्या विषाने थैमान घातले होते. चार्ली पार्कर १९५५ मध्ये ३४ व्या वर्षी गेला. डेक्स्टर गॉर्डनची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली. अ‍ॅमन्सही ह्या व्यसनात सापडला. अमेरिकेत १९५१ आणि १९५६ च्या कायद्यांनी अमली पदार्थांसंबंधीच्या शिक्षा अतिशय कडक केल्या होत्या. व्यसनी माणूस हा रोगी आहे, की गुन्हेगार? कायद्याचे उत्तर ठरलेले होते. १९५८ मध्ये अ‍ॅमन्सला तुरुंगवास झाला आणि तो १९६० मध्ये सुटला.

सुटल्यावर लगेच, १६ जून १९६० रोजी, न्यू जर्सीतील रूडी व्हॅन गेल्डर ह्यांच्या स्टुडिओत त्याने ‘बॉस टेनर’ ही एल. पी. केली. त्याच्या सर्व तबकड्यांत एकच निवडायची तर बहुतेक रसिक हीच निवडतील. टॉमी फ्लॅनगनचा पियानो, डग वॉटकिन्सचा बास, आर्ट टेलरचे ड्रम आणि रे बारेटोची काँगा, एवढीच साथ. ‘कॅनेडियन सनसेट’ ही तशी गुळगुळीत चाल, पण काँगाच्या हलक्या ठेक्यावर अ‍ॅमन्स ती अशा मजेत वाजवतो, की संध्याकाळी नदीकाठी फिरायला निघाल्यासारखे वाटते. ‘हिटिन द जग’ हा संथ ब्लूज मात्र वेगळा आहे. तेथे तो घाई करत नाही, तक्रारही करत नाही. दोन वर्षे न बोललेला माणूस जसा सावकाश, शब्द तोलून बोलतो, तसे ते वादन आहे.

पुढची अडीच वर्षे त्याने झपाटल्यासारखे काम केले. ऑर्गनवादक जॅक मॅकडफबरोबर ‘ट्विस्टिंग द जग’, स्टिटबरोबर ‘बॉस टेनर्स’ आणि ‘सोल समिट’, अशा तबकड्या एकामागून एक झाल्या. मे १९६२ मध्ये शिकागोत त्याने ‘प्रीचिन’ ही केवळ ख्रिस्ती भजनांची एल. पी. केली. महात्मा गांधींचे आवडते ‘अबाइड विथ मी’ हे भजनही तिच्यात आहे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ब्राझीलच्या बोसा नोव्हा लयीची लाट आली, तेव्हा त्याने त्यावरही एक तबकडी केली. तिच्यातील ‘जंगल सोल’ हे वादन फार लोकप्रिय झाले. भजनापासून नृत्यापर्यंत सारे काही ह्या एका सुरात सामावत होते.

आणि मग १९६२ च्या अखेरीस तो पुन्हा पकडला गेला. शिक्षा भोगण्यासाठी त्याला इलिनॉय राज्यातील जोलिएटजवळच्या स्टेटव्हिल तुरुंगात पाठवण्यात आले. ह्या वेळी दार उघडले ते एकदम १९६९ मध्ये.

लेखाच्या आरंभी ज्या विचित्र काळाचा उल्लेख केला, तो हाच. गेल्या अडीच वर्षांत केलेल्या वादनाचा मोठा साठा प्रेस्टीजच्या कपाटात पडून होता. कंपनीने तो बेताबेताने बाहेर काढायला सुरुवात केली. १९६४ मध्ये ‘लेट अवर स्पेशल’ आणि ‘व्हेल्वेट सोल’, १९६५ मध्ये ‘एंजल आइज’, १९६६ मध्ये ‘बॉस सोल’. ‘एंजल आइज’ हे संथ वादन मुळात १९६० मधले. पाच वर्षांनी ते लोकांसमोर आले आणि त्याच्या सर्वांत गाजलेल्या वादनांपैकी एक ठरले. शिकागोतील एखाद्या मद्यगृहात कोणी नाणे टाकले, की अ‍ॅमन्सचा सूर उमटे. त्याच वेळी तेथून काही मैलांवर अ‍ॅमन्स आपल्या कोठडीत असे.

ह्यात कंपनीचा धंदा होता, हे खरे. पण त्यामुळेच लोक त्याला विसरले नाहीत, हेही तितकेच खरे. तरीही एक हिशेब जुळत नाही. ३३ व्या वर्षापासून ४४ व्या वर्षापर्यंतचा काळ म्हणजे कलावंताचे ऐन भराचे दिवस. त्या ११ वर्षांतील साडेआठ-नऊ वर्षे अ‍ॅमन्सने तुरुंगात काढली. बाहेर त्याचा जुना साथी कोल्ट्रेन जॅझला कुठल्या कुठे नेऊन १९६७ मध्ये मरण पावला. बीटल्स आले, मार्टिन ल्यूथर किंग ह्यांची चळवळ शिकागोच्या रस्त्यांवर आली आणि १९६८ मध्ये त्यांचा खून झाला. ह्या उलथापालथीच्या काळात अ‍ॅमन्सने काय वाजवले असते? कपाटातील साठा कितीही मोठा असला, तरी जे वाजवलेच गेले नाही ते कोणती कंपनी बाहेर काढणार? व्यसनामुळे कला फुलते, असे मानणाऱ्या भाबड्या मंडळींनी ह्या रिकाम्या वर्षांकडे अवश्य पाहावे.

नोव्हेंबर १९६९ मध्ये, सुटकेनंतर लवकरच, तो ध्वनिमुद्रणासाठी उभा राहिला. ‘द बॉस इज बॅक’ आणि ‘ब्रदर जग’ ह्या दोन एल. पी. त्यातून निघाल्या. सात वर्षांत संगीत बदलले होते. पियानोच्या जोडीला ऑर्गन होता आणि बर्नार्ड पर्डीच्या ढोलात नव्या पिढीचा ठेका होता. अ‍ॅमन्सचा सूर थोडा खरखरीत, थोडा रोखठोक झाला होता, पण पहिल्या चार स्वरांवर ओळखू यावा असाच. ‘ब्रदर जग’मधील ‘जंगल स्ट्रट’ ही त्याची रचना पुढे १९७१ मध्ये सँटाना ह्या प्रसिद्ध रॉक समूहाने आपल्या तबकडीत घेतली. जो काळ त्याच्या हातून निसटला होता, त्याच काळाची मुले आता त्याचे वाजवत होती.

उरलेली पाच वर्षे पुनर्भेटींची ठरली. जुलै १९७० मध्ये शिकागोत डेक्स्टर गॉर्डनबरोबर त्याची पुन्हा जुगलबंदी रंगली, २६ वर्षांपूर्वीच्या एकस्टाइनच्या दिवसांची आठवण करून देणारी. ‘द चेस’ ह्या नावाने ती उपलब्ध आहे. स्टिटबरोबरही अनेकदा गाठ पडली. जुलै १९७३ मध्ये स्वित्झर्लंडमधील मॉन्ट्रो महोत्सवात तो वाजवायला गेला. मात्र प्रकृती खालावत होती. मार्च १९७४ मध्ये त्याने आपली शेवटची एल. पी. केली. तिचे नाव ‘गुडबाय’. ऑगस्ट १९७४ मध्ये हाडांच्या कर्करोगाने त्याचे शिकागोतच निधन झाले. तो तेव्हा ४९ वर्षांचा होता. स्टिटबरोबरची अखेरची तबकडी त्याच्या मागे, १९७६ मध्ये, प्रसिद्ध झाली. म्हणजे मृत्यूनंतरही तो एकदा तसाच भेटला, जसा तुरुंगात असताना भेटत असे.

जीन अ‍ॅमन्सने नवी शैली स्थापन केली नाही किंवा संगीतात क्रांती केली नाही. त्यामुळे जॅझच्या जाडजूड इतिहासग्रंथांत त्याच्या वाट्याला पार्कर किंवा कोल्ट्रेनसारखी प्रकरणे येत नाहीत. पण ज्यांच्यासाठी तो वाजवत होता ते लोक इतिहासग्रंथ वाचत नव्हते. ते कामावरून परतत होते आणि त्यांना आपल्या मनातले कोणीतरी बोलून दाखवायला हवे होते. अ‍ॅमन्सने ते तीस वर्षे केले, आणि त्यांतील सात वर्षे तर समोर नसतानाही केले. त्याच्या हातून झालेली चूक लपवण्याचे कारण नाही आणि त्याला मिळालेल्या शिक्षेचे ओझेही कमी लेखता येणार नाही. ह्या दोहोंच्या पलीकडे त्याचा तो भरदार सूर उरतो. ‘हिटिन द जग’ची पहिली काही मिनिटे शांतपणे ऐकली, तर सॅक्सोफोनमधले ओ की ठो न कळणाऱ्यालाही वाटेल, की कोणीतरी आपल्याशी बोलत आहे, आणि त्याला कसलीही घाई नाही.